समुद्र नसलेल्या गावातली लाट

मोठ्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे लोक आणि शेअर बाजार यांची सांगड घालणारं लिखाण हल्ली बरंच वाचायला मिळतं. पोर्तुगालमधल्या नाझारे गावी २०२० साली एका जर्मन पठ्ठ्याने ८६ फुटी लाट पार केली. वादळ होतं कुठेतरी दूर महासागरात, आणि किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दरीमुळे इथे पाण्याचा डोंगर उभा राहतो. हे लोक बहुतेक लाटा नुसत्या जाऊ देतात म्हणे. आणि सराव कसला, तर पाण्याखाली श्वास रोखून धरायचा!

आम्हा नागपूरकरांना यातलं काय कळणार? आमचे समुद्र म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. पण मंडळी, एक लाट आपल्याकडेही येऊन गेली आहे. कापसाची.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. हिंगणघाट, वर्धा, वऱ्हाड... इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गंमत म्हणजे नागपूरला तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती, ती आली १८६७ साली. म्हणजे लाट येऊन फुटली तरी आमची फळी वाटेतच! शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. (धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, हे शहरातल्या भाचेमंडळींसाठी.) यात खरं किती आणि मीठमसाला किती, देव जाणे.

खरी मजा मुंबईत चालली होती. कापसाचा पैसा तिथे साठला आणि त्याला पाय फुटले. रोज नवी कंपनी, नवी बँक. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. शेअर गहाण ठेवायचा, त्यावर कर्ज काढायचं, त्यातून पुन्हा शेअर घ्यायचे. बँक ऑफ बॉम्बेसारखी प्रतिष्ठित बँकही अशी कर्जं सढळ हाताने देत होती.

मला यात एका गोष्टीचं फार नवल वाटतं. युद्ध कधीतरी संपणार हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या व्यापाऱ्यांना मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते मूर्ख नव्हते. प्रत्येकाचा हिशेब एवढाच, की मी इतरांच्या आधी उतरेन. समुद्रात हे एखाद्याला जमतही असेल. बाजारात उतरायचं तर आपली जागा घ्यायला दुसरा कुणीतरी तयार लागतो ना! ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले. वायद्यांचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी विकणारे सगळे, घेणारा कुणी नाही. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचा गाशा गुंडाळला गेला. या सगळ्या खेळाचा राजा प्रेमचंद रायचंद, तोही बुडाला. मात्र त्याने १८६४ मध्ये विद्यापीठाला दिलेले पैसे तेवढे कोरडे राहिले. राजाबाई टॉवर त्यातलाच.

याच लाटेखाली एक २६ वर्षांचा तरुण लंडनमध्ये सापडला. जमशेटजी टाटा. पेढीच्या कामासाठी तो तिथे गेला होता, आणि त्याच्या हातातल्या हुंड्यांना रद्दीचीही किंमत उरली नाही. तो पळाला नाही. देणेकऱ्यांपुढे सगळा हिशेब उघडा मांडला. त्यांनी त्याच्याच पेढीचं दिवाळं निस्तरायचं काम महिना २० पौंडांवर त्यालाच दिलं! श्वास रोखून धरणं म्हणजे काय, ते मला नाझारेपेक्षा इथे जास्त समजतं.

पुढे गिरणी काढायची ठरवल्यावर त्याने मुंबई सोडून नागपूर निवडलं. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दारात आणि जमीन स्वस्त. भावाच्या चढउतारावर पैसा लावण्यापेक्षा कापसाचं सूत काढून विकायचं. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची (आपला गांधीसागर) दलदलीची जागा घेऊन भर टाकायला सुरुवात झाली, तेव्हा इथल्या एका सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला. सोनं मातीत घालणाऱ्या माणसाला कोण पैसे देणार? पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. (सावकार हळहळतोय, हे दृश्य मला फार आवडतं.)

१ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. सुमारे ३० हजार चात्या, ४५० माग. सुरुवातीची यंत्रं काही फार चांगली नव्हती, ती बदलावी लागली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंडही सुरू झाला.

गिरणी सव्वाशे वर्षं टिकली, २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्या जागेवर पुढे एम्प्रेस मॉल उभा राहिला. घरातल्या पोरांना एम्प्रेस म्हटलं की तोच आठवतो.