सुरी कुणाची? अमेरिकन पात्यांची सुरुवातीची कहाणी

मागच्या वेळी आपण ‘मिलिंदप्रश्ना’तल्या रथाबद्दल बोललो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ म्हणजे नेमकं काय? व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, “सर, याचा व्यवहाराशी संबंध काय?” प्रश्न रास्त होता. म्हणून आज रथ बाजूला ठेवू आणि सुरी हातात घेऊ. फ्रेंच लोकांत ‘झानोची सुरी’ प्रसिद्ध आहे. पातं बदललं, मूठ बदलली, तरी झानो म्हणतो, सुरी तीच. हाच प्रश्न मला एका खऱ्या सुरीला विचारायचा आहे: अमेरिकन सुरी अमेरिकन झाली ती कशामुळे?

अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा तिथं चांगली सुरी म्हणजे शेफील्डची सुरी. गावचा लोहार जुनी कानस तापवून, ठोकून कामापुरती सुरी करून द्यायचा, नाही असं नाही. पण दुकानात विकला जाणारा माल इंग्लंडहून यायचा. शेफील्डचा दबदबा जुना. तिथल्या कारागिरांची अधिकृत संस्था १६२४ सालची. अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समननं तिथं मुशीत वितळवलेलं एकजीव पोलाद तयार केलं, आणि पात्याचा दर्जाच बदलला.

स्वातंत्र्य मिळालं म्हणून हे लगेच बदललं नाही. बोवी सुरीचंच उदाहरण घ्या. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर मारामारी झाली, त्यातून जेम्स बोवी आणि त्याची मोठी सुरी गाजली. १८३६ मध्ये तो अलामोच्या लढाईत मेला आणि दंतकथा झाला. मग प्रत्येकाला बोवी सुरी हवी झाली. ती पुरवली कुणी? मोठ्या प्रमाणावर शेफील्डनं! पात्यावर अमेरिकन देशभक्तीची वाक्यं कोरून ते जहाजं भरून पाठवत होते. म्हणजे घोषणा अमेरिकेची, पातं इंग्लंडचं.

आता जॉन रसेलकडे येऊ. हा मॅसॅच्युसेट्सचा माणूस. शिकलेला चांदीकाम. दक्षिणेत कापसाच्या व्यवहारात पैसा मिळवून तो परतला. तो कापूस गुलामांच्या श्रमातून येत होता, हे विसरून चालणार नाही. १८३४ च्या सुमारास त्यानं ग्रीनफील्डला कारखाना घातला. आधी पटाशा केल्या, मग खाटकाच्या आणि शिकारीच्या सुऱ्या. १८३६ मध्ये कारखाना जळाला. तो पुन्हा उभा राहिला तो ग्रीन नदीच्या काठी, आणि पात्यावर ठसा आला: ‘ग्रीन रिव्हर वर्क्स’.

इथं एक गंमत सांगतो. पश्चिमेला वायोमिंगमध्येही एक ग्रीन नदी आहे. तिच्या खोऱ्यात बीव्हरची कातडी विकायला शिकाऱ्यांचे वार्षिक मेळावे भरत. त्यामुळे अनेकांना वाटतं, सुरीचं नाव त्या नदीवरून आलं. तसं नाही. कारखान्याची नदी पूर्वेची. शिवाय शेवटचा मेळावा १८४० चा. ही सुरी पश्चिमेत सर्वत्र पोचली तोवर बीव्हरचा धंदा उताराला लागला होता. पण नाव जुळलं, आणि लोकांनी कहाणी जुळवून घेतली.

आता झानोचा प्रश्न विचारा. रसेलच्या सुरीचं पोलाद? पुष्कळ वर्षं शेफील्डचंच. चांगलं मुशीतलं पोलाद अमेरिकेत भरवशानं व्हायला १८६० चं दशक उजाडावं लागलं. कारागीर? जास्त मजुरी देऊन शेफील्डहून आणलेले. मुठीचं लाकूड? बरंचसं उष्ण कटिबंधातलं. मग अमेरिकन काय उरलं?

उरली ती कामाची रचना. शेफील्डमध्ये घडणारा एक, धार काढणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. बरेचसे भाड्याच्या खोलीत काम करणारे छोटे कारागीर, आपापल्या हुन्नराचे मालक. रसेलनं ही सगळी कामं एका छपराखाली आणली. पाण्याच्या शक्तीवर चालणारा यांत्रिक घण बसवला. हातानं एकेक पातं ठोकण्याऐवजी सारख्या मापाची पाती भराभर निघू लागली. सुरी स्वस्त झाली, ही जमेची बाजू. पण जे कौशल्य माणसाच्या मनगटात होतं, ते यंत्रात गेलं.

आणि एक काम यंत्रानं सुटलं नाही: दगडी चाकावर धार काढण्याचं. त्या दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जायची. शेफील्डच्या कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षं, अशी नोंद एंगेल्सनं १८४५ च्या आपल्या पुस्तकात एका डॉक्टरच्या आधारानं केली आहे. हे कारागीर समुद्र ओलांडून आले तेव्हा हुन्नराबरोबर हा रोगही त्यांच्या मागोमाग आला. सुरीच्या पात्यावर मालकाचा ठसा असतो. धार काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं.

पुढचं थोडक्यात. १८७० च्या सुमारास कारखाना टर्नर्स फॉल्सला गेला. १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानं आयात सुऱ्यांवर जबर जकात बसली, आणि शेफील्डचा अमेरिकेतला बाजार कोसळला. १९३३ मध्ये रसेलची कंपनी हॅरिंग्टन कंपनीत विलीन झाली. जागा बदलली, मालक बदलले, पोलाद बदललं. ‘ग्रीन रिव्हर’ हे नाव मात्र आजही बाजारात आहे. झानो खूश झाला असता!

माझ्यापुरतं उत्तर असं: वस्तूला देश मिळतो तो ठशानं नव्हे, जकातीनंही नव्हे. ती कुणी, कशी आणि काय किंमत मोजून घडवली, या नात्यांची बेरीज म्हणजे ती वस्तू. नागसेनानं रथाबद्दल मिलिंद राजाला जे सांगितलं, ते याहून फार वेगळं नव्हतं. फक्त आपण त्या बेरजेत धूळ खाणाऱ्या माणसाला धरायला विसरतो. पुढच्या वेळी एखाद्या वस्तूवर देशाचं नाव वाचाल, तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.

इथं थांबतो.