चांगल्या वर्तणुकीचा दाखला

गेल्या वर्षी माझ्या भाचीला दुबईच्या एका शाळेत नोकरी लागली. त्याआधी ती बोरिवलीच्या एका शाळेत सात वर्षं गणित शिकवत होती. घरात पेढे वाटून झाले आणि मग सुरू झाली ती कागदांची वारी. पदवी, बी.एड., अनुभवाचे दाखले. प्रत्येकावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या वकिलातीचा. आणि त्याखेरीज एक पोलिसांचा दाखला, ज्याला हल्ली सगळे 'पीसीसी' म्हणतात. त्यासाठी मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिच्याबरोबर मीही गेलो. निवृत्त माणसाला अशी कामं आवडतात.

पुढे पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. किती वर्षं इथे राहता, आधी कुठे होतात, एखादी केस वगैरे आहे का, एवढंच विचारलं. पाच-सात मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, मी मुलांना नीट सांभाळते की नाही, हे यांना कसं कळणार? माझा एक तास तरी बघितलाय का यांनी?"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण जुनी पुस्तकं चाळायची खोड असल्यामुळे तिचा प्रश्न डोक्यात राहिला. परक्या मुलखात शिकवायला जाणाऱ्या माणसाची चौकशी ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या मुंबईत तर ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. मात्र ही चौकशी नेमकी कशाची होते, ते पाहिलं की गंमत वाटते, आणि थोडी काळजीही.

फेब्रुवारी १८१३. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी कलकत्त्याहून मुंबईत उतरले. त्या काळी कंपनी सरकारच्या परवान्याशिवाय गोऱ्या माणसालाही इथे राहता येत नसे. त्यात १८१२ पासून इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेलं. कलकत्त्याहून मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना हुकूम आला, की या दोघांना इंग्लंडला रवाना करा. दोघांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, मधेच गुपचूप निघून कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत आणलं. शेवटी राहण्याची परवानगी मिळाली. नॉट तब्येतीमुळे लवकरच परतले. हॉल इथेच राहिले, मराठी शिकले, आणि १८२६ साली नाशिककडच्या फिरतीवर पटकीने गेले.

या सगळ्या पत्रव्यवहारात सरकारला एकच धास्ती होती. हे शत्रुराष्ट्राचे लोक, त्यात धर्माच्या गोष्टी करणार, रयत बिथरली तर? ही माणसं मुलांपुढे उभी राहिली तर कशी वागतील, हा प्रश्नच नव्हता. पण त्यांच्या मिशनने शाळा काढल्या. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची एक अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून इथे आली आणि पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळेचं काम केलं. स्वतः जोतीराव फुल्यांनी या नगरच्या शाळेचा आपल्यावर परिणाम झाल्याचं सांगितलं आहे. कलकत्त्याचा हुकूम तंतोतंत अमलात आला असता तर या शाळा निदान त्या वेळी तरी निघाल्या नसत्या.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जर्मन जेझुइटांनी सुरू केलं. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही संस्थाही जेझुइटांचीच, १८६३ सालची. उपनगरं तेव्हा उपनगरं झालेलीच नव्हती, साष्टीतली गावं होती. दोन पिढ्या या जर्मन पाद्र्यांच्या हाताखाली शिकल्या. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि वर्गात उभी असलेली माणसं एका दिवसात 'शत्रू' झाली. काहींना नजरकैद झाली आणि १९१६ पर्यंत बहुतेकांची मायदेशी रवानगी झाली. यात कुणाच्या शिकवण्याबद्दल तक्रार नव्हती, चारित्र्याबद्दल नव्हती. पासपोर्टवरचं राष्ट्र, एवढाच गुन्हा.

युद्धानंतर सरकारने धडा घेतला तो असा, की ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांकडून आणि त्यांच्या संस्थांकडून लेखी हमी घ्यायची. सरकारशी आदराने वागू, राजकारणात पडणार नाही. म्हणजे दाखला होता, पण निष्ठेचा. जर्मनांच्या जागी पुढे स्पॅनिश जेझुइट आले. त्यांतले एक फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईत आले, १९२६ साली त्यांनी झेवियर्समध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि भारतीय इतिहासकारांची एक पिढी घडवली. कागदावर त्यांची ओळख काय असेल? स्पॅनिश नागरिक, अमुक संस्थेचे सभासद, राजकारणाशी संबंध नाही. खरी ओळख त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक.

मग स्वातंत्र्य आलं आणि पारडं फिरलं. आता आपले शिक्षक बाहेर जाऊ लागले. आधी इथिओपियासारख्या आफ्रिकी देशांत आणि १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला तसे आखातात. मस्कतची भारतीय शाळा १९७५ सालची. घाटकोपरला आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई ऐंशीच्या सुमारास तिकडे गेल्या. त्यांची ती निळी फाईल मला अजून आठवते. पदवीच्या कागदामागे इतके शिक्के, की मूळ कागद कुठला आणि शिक्का कुठला कळू नये. त्या चौकशीमागची भीती अगदी वेगळी होती. डिग्री खोटी तर नाही ना? आणि भीती अनाठायी नव्हती, खोट्या पदव्यांचा धंदा आपल्याकडे काही कमी नाही. पण फाईलभर शिक्के मिळून सिद्ध होत होतं ते एवढंच, की बाई बी.एड. पास झाल्या आहेत.

आता उलट बाजू बघा. आपल्या अंधेरी, मुलुंडकडेही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'इंटरनॅशनल' पाट्या लागल्या. परदेशी माणसाला इथे नोकरीचा व्हिसा हवा तर पगार वर्षाला किमान २५ हजार डॉलर हवा, असा नियम २०१० नंतर काही वर्षं होता. पुढे ती रक्कम सव्वासोळा लाख रुपये झाली. सूट कुणाला? आपल्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, दुभाषी, आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक. म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्याला सूट, गणित शिकवणाऱ्याला नाही! यामागची भीती उघड आहे. स्वस्तात येऊन आमच्या माणसांच्या नोकऱ्या घेऊ नका. शिवाय सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी. त्या नोंदणीचं मुंबईतलं कार्यालय वर्षानुवर्षं कुठे होतं? झेवियर्स कॉलेजच्या मागे. १९१६ साली ज्यांना परत पाठवलं त्यांच्याच कॉलेजच्या भिंतीला लागून. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

तर सगळ्या काळात चौकशी होतीच. पण ती करणाराला ज्याची भीती, तेवढंच ती तपासत आली. कंपनीला दंगा नको होता, ब्रिटिशांना जर्मन नको होते, आखाताला खोटी पदवी नको होती, आपल्याला स्वस्त परदेशी नको होता. वर्गातल्या मुलाला कशाची भीती वाटते, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

तो यायला फार वेळ लागला. विल्यम वेही नावाच्या अमेरिकन शिक्षकाची हकीकत या बाबतीत अंगावर काटा आणते. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल १९६९ साली कॅलिफोर्नियात तो दोषी ठरला होता. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षं तो इराण, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, व्हेनेझुएला, ब्रिटन असा देशोदेशी नामांकित शाळांतून शिकवत फिरला, आणि ती जुनी नोंद कुणाच्याही समोर आली नाही. व्हिसा बरोबर, पदवी बरोबर, सगळे कागद चोख. अखेर निकाराग्वामध्ये त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईने उचललेला एक पेन ड्राइव्ह शाळेच्या हाती पडला आणि २०१४ साली सारं उघड झालं. तोवर किती मुलं त्याच्या हाताखालून गेली असतील, विचार करवत नाही. त्यानंतर जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांनी एकत्र येऊन शिक्षक नेमताना काय तपासायचं याचे नियम कडक केले.

आपल्याकडे पोक्सो कायदा २०१२ चा. मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी वेळोवेळी करावी, हे २०२० च्या नियमांत आलं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर राज्य सरकारला शाळांना पुन्हा तेच बजावावं लागलं. नियम होता. तो पाळायची आठवण व्हायला दोन लहान मुलींना सोसावं लागलं.

पडताळणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तो कागद काय सांगतो तेही लक्षात ठेवायला हवं. 'या व्यक्तीविरुद्ध आमच्याकडे नोंद नाही', एवढंच. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो, आठवतो? त्यात सगळ्यांचंच 'चांगली' असतं. माझंही होतं, आणि मी हेडमास्तरांच्या सायकलची हवा सोडलेली होती.

असो. भाचीची गोष्ट पुरी करतो. सगळे शिक्के झाल्यावर, तिकीट काढायच्या आधी, दुबईच्या मुख्याध्यापिकेने बोरिवलीच्या तिच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. निकालाबद्दल थोडं विचारलं आणि शेवटी दोन प्रश्न. हिला पुन्हा तुमच्या शाळेत घ्याल का? आणि हिच्या हाती मुलं सोपवू नयेत असं काही कारण तुम्हाला माहीत आहे का?

बाई नंतर भाचीला म्हणाल्या, "उत्तर देणं सोपं होतं गं. पण द्यायच्या आधी मी तुझी सात वर्षं एकदा आठवून बघितली."

एवढ्या सगळ्या कागदांत तिचा वर्ग बघितलेल्या माणसाला कुणी काही विचारलं, ते त्या एका फोनवर. त्याला शिक्का नव्हता, फी नव्हती. दहा मिनिटं लागली असतील.

माझा नातू मुलुंडच्या एका शाळेत जातो. तिथे यंदा एक परदेशी शिक्षक आले आहेत, मुलांना आवडतातही. त्यांच्या आधीच्या शाळेत कुणी फोन केला होता का, हे विचारायचं माझ्या मनात आहे. त्यांच्यावर संशय म्हणून नाही. शाळेतल्या इतर सगळ्यांबद्दलही तेच विचारायचं आहे. अजून धीर झालेला नाही. येत्या पालकसभेत विचारीन म्हणतो.