झाशीचा काळा धूर आणि कार्बोरेटरची अडचण

१९६८ साली मुंबईहून निघणाऱ्या पंजाब मेलला झाशीपर्यंत डिझेल इंजिन लागू लागले. त्या दशकात भारतीय रेल्वेने स्वीकारलेले आणि पुढे झाशीच्या डिझेल शेडनेही सांभाळलेले इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा, सिलिंडर १६, शक्ती २६०० अश्वशक्ती, आणि सोबत टर्बोचार्जर. चालकाने शक्ती एकदम वाढवली की हे इंजिन काळ्या धुराचा लोट सोडी. पंप इंधन तत्काळ वाढवतो. पण बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरणाऱ्या टर्बोला वेग घेण्यास काही क्षण लागतात आणि तोवर हवा अपुरी पडते. धूर निघतो, इंजिन मात्र बिनतक्रार चालत राहते.

त्याच काळातील अँबॅसिडर किंवा कुर्ल्यात बनणारी फियाट टर्बोविना होती. खर्चाचा प्रश्न होताच, परंतु खरी मेख कार्बोरेटरमध्ये होती. त्यात इंधन किती मिळावे, हे हवाच ठरवते. निमुळत्या गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब घटतो आणि त्या फरकामुळे पेट्रोल वर ओढले जाते. आता टर्बोने दाबलेली हवा या गळ्यात सोडली, तर पेट्रोलच्या वाटीवरही तोच दाब पोहोचवावा लागतो. अन्यथा पेट्रोल वर येण्याऐवजी मागे रेटले जाते. इंधनपंपाचा दाबही त्याच्या वर ठेवावा लागतो. उलट कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसवला, तर हे सारे टळते. मात्र ओले मिश्रण टर्बोतून लांबचा प्रवास करते आणि थंडीत पेट्रोल नळीच्या भिंतींवर साचते.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांची, पेटंट १९०५ चे. कार्बोरेटरच्या इंजिनावर तिची गाजलेली परीक्षा १९१८ साली झाली. सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर घसरले होते. टर्बोने ते ३५६ वर आणले.

मोटारीत ही जोडी १९६२ साली आली. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कार्बोरेटर टर्बोच्या आधी होता. इंजिनाचे दाबगुणोत्तर १०.२५ इतके चढे. त्यावर टर्बोचा दाब आला की मिश्रण अवेळी पेटून ठोके पडत. उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई. त्याची टाकी वेळोवेळी भरणे मालकाचे काम, आणि अनेक मालक ते विसरत. अखेर कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली!

दाबलेली हवा कार्बोरेटरमध्ये सोडण्याचा दुसरा, अवघड मार्ग लोटस एस्प्रिट टर्बोने १९८० साली आणि मासेराती बायटर्बोने १९८१ साली चोखाळला. तोवर पोर्शे आणि साब या कंपन्यांच्या टर्बो गाड्यांत पेट्रोल फवारून देणारे इंजेक्शन आलेले होते. भारतात कार्बोरेटर २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून हद्दपार झाला, तो प्रदूषणाच्या निकषांमुळे. पेट्रोल मोटारींत टर्बो रुळला तो त्यानंतरच.