कातळातला उजेड

खानदेशातून दक्षिणेकडे पाहिले की सातमाळा-अजिंठ्याची रांग दिसते. जळगावहून पहूर, फर्दापूर करत अजिंठ्याला पोहोचता येते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की पितळखोऱ्याची वाट लागते. दोन हजार वर्षांपूर्वी या कड्यांत प्रार्थनामंदिरे कोरली गेली, तेव्हा खरी अडचण होती उजेडाची. बांधलेल्या वास्तूत उजेड वरूनही घेता येतो: १९७०च्या दशकात मुंबईत दादरच्या पोर्तुगीज चर्चची नवी वास्तू उभारताना वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तो छतातून खाली घेतला. लेणे कोरणाऱ्याला ती सोय नव्हती; त्याच्या डोक्यावर अख्खा डोंगर. त्याला उजेड घ्यायचा तो समोरूनच.

त्यासाठी दारावर पिंपळपानासारखी मोठी कमान काढत, तेच चैत्यगवाक्ष. तिथून येणारा उजेड मधल्या दालनातून थेट स्तूपापर्यंत जातो आणि खांबांमागची प्रदक्षिणेची वाट अंधुकच राहते.

अजिंठ्याचे दहावे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याच्या कमानीवर ब्राह्मी लेख आहे: वासिठिपुत कटहादि याने ‘घरमुख’ म्हणजे दर्शनी भाग दान दिला. उजेडाचे दार स्वतःच्या खर्चाने करून देणारा हा दाता मोठ्या समजेचा म्हणायला हवा. त्या कमानीखालची दर्शनी भिंत आज उरलेली नाही. त्यामुळे मूळ बेतापेक्षा जास्तच उजेड आत येतो.

आत गेल्यावर मान वर करून छत जरूर पाहावे. मधल्या दालनाच्या छताला लाकडी फासळ्या होत्या. त्या गेल्या, खुणा राहिल्या. बाजूच्या वाटांवर मात्र त्याच फासळ्या दगडात कोरल्या आहेत. कातळाला असल्या आधाराची गरजच नसते. पण हात लाकडी घरे बांधण्यात तयार झालेले, आणि देवघर म्हटले की डोळ्यांपुढे लाकडी छतच येई. म्हणून दगडालाही लाकडाचे रूप दिले गेले.

पितळखोऱ्याच्या चैत्यगृहात पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्या व्यापाऱ्याने, खांब दिल्याचा लेख आहे. तिथला खडक दहाव्या लेण्याइतका टिकला नाही. पाणी मुरून दर्शनी भाग ढासळला, आणि गवाक्षही त्याच्याबरोबर गेले.

अजिंठ्यातल्या अपुऱ्या उजेडाशी सर्वांत जास्त झगडला तो मद्रासच्या लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल. १८४४पासून त्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या, पुढे छायाचित्रेही घेतली. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तरी त्याने काम सोडले नाही. १८७९मध्ये तो वारला; त्याची कबर भुसावळला आहे.