नाममालेच्या वाटेने इंग्रजी

परकी भाषा शिकताना आधी वस्तूंची नावे गोळा करावीत आणि त्यांचे अर्थ पाठ करावेत, ही पद्धत फार जुनी असून इंग्रजीच्या इतिहासात तिचा आरंभ उलट्या बाजूने झालेला दिसतो. इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक या इंग्लंडमधील मठवासी भिक्षूने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले आणि त्याला जोडून एक शब्दसंग्रह दिला, ज्यात लॅटिन शब्दापुढे त्याचा अर्थ त्या काळच्या इंग्रजीत नोंदवलेला आहे. म्हणजे जी भाषा पुढे जगभरच्या मुलांनी घोकली, ती तेव्हा केवळ अर्थ सांगण्याचे काम करीत होती. या संग्रहाची मांडणी वर्णानुक्रमाने नाही. ईश्वर, स्वर्ग व देवदूत यांपासून निघून तो मनुष्यदेहाचे अवयव, नातीगोती, पक्षी, मासे, पशू, वनस्पती आणि घर अशा क्रमाने सृष्टीची गणना करतो, आणि त्यातील बहुतेक शब्द नामे, म्हणजे वस्तू, व्यक्ती वा कल्पना यांची नावे आहेत.

या विषयवार मांडणीला नवे रूप दिले ते योहान आमोस कोमेनियस या मोरावियन शिक्षणवेत्त्याने. ‘ऑर्बिस सेन्सुॲलियम पिक्टस’ हे त्याचे सचित्र पुस्तक १६५८ साली न्युरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत निघाले आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल या शिक्षकाने ते इंग्रजीत आणले. दीडशे प्रकरणांच्या या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक चित्र, चित्रातील वस्तूंवर अंक आणि खालच्या मजकुरात त्या त्या नामाशेजारी तोच अंक, अशी योजना असल्यामुळे मुलाची नजर शब्दावरून वस्तूकडे आणि वस्तूवरून शब्दाकडे सहज फिरत असे. मात्र कोमेनियसचे खरे शहाणपण चित्रांपेक्षा अधिक या गोष्टीत होते की, त्याने नामे सुटी ठेवली नाहीत. सुतार काय करतो, भाकरी कशी तयार होते, हे सांगणाऱ्या लहान वाक्यांत त्याने ती बसवली. त्याच्या अर्धशतक आधी, १६०४ साली, रॉबर्ट कॉड्री याचा केवळ इंग्रजीचा असा पहिला मानला जाणारा वर्णानुक्रमी कोश प्रसिद्ध झाला होता. शब्द शोधण्याची सोय वर्णानुक्रमाने झाली, परंतु शब्दांचे शेजार मोडले, आणि पुढच्या सर्व इंग्रजी अध्यापनावर या दुसऱ्या रचनेचीच छाया अधिक पडली.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला नामे पाठ करणे नवे नव्हते. संस्कृत शिकणारा मुलगा अमरकोश मुखोद्गत करी, आणि ‘नामलिंगानुशासन’ हे त्या ग्रंथाचे मूळ नावच सांगते की, नामे व त्यांची लिंगे हा त्याचा विषय आहे. तीन कांडे आणि त्यांतील स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग अशा वर्गांतून शब्द श्लोकबद्ध केलेले असल्यामुळे एका नावामागून दुसरे आपसूक जिभेवर येई. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राजव्यवहारकोशाने हाच साचा राज्यकारभाराला लावला आणि दप्तर, दुर्ग, शस्त्रे इत्यादी वर्गांत फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. शब्दसंग्रह करणे हे राजकीय कार्यही असू शकते, याचा याहून ठळक पुरावा मराठी इतिहासात क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आली ती या परंपरेच्या शेजारी, पण तिच्याशी फारसा संवाद न करता. व्हॅन्स केनेडी यांचा मराठी-इंग्रजी व इंग्रजी-मराठी कोश १८२४ साली मुंबईत छापला गेला. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने १८३२पासून मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापून शिकणाऱ्याला वेगळीच सोय करून दिली, कारण तेथे शब्द बातमीच्या ओघात भेटत. उच्च ज्ञान कोणत्या भाषेतून द्यावे यावर मुंबईच्या शिक्षण मंडळात एर्स्किन पेरी एका बाजूला आणि जगन्नाथ शंकरशेट व जॉर्ज जर्व्हिस दुसऱ्या बाजूला असा वाद झाला खरा. तथापि वर्गात शब्द कसे शिकवावेत हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

वर्गात जे रुजले ते ‘स्पेलिंग पाठ करणे’. मराठीत लिहिलेला शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचता येतो, तर इंग्रजी नामाबरोबर मुलाला अक्षरांचा क्रम, उच्चार आणि अर्थ अशा तीन गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणून ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ ही सुरावट निर्माण झाली, जिच्यात तिन्ही गोष्टी एका दमात येतात. ही युक्ती हास्यास्पद मानण्याची रीत आहे, पण ती अन्यायाची आहे, कारण पुस्तके दुर्मीळ आणि इंग्रजी बोलणारा शिक्षक त्याहून दुर्मीळ असताना पाठांतर हेच हाताशी असलेले साधन होते. दोष पाठांतराचा नव्हता. अमरकोशातील वर्ग सोडून केवळ घोकणे उचलले गेले, हा होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने शब्दांना वाक्यांची जोड दिली आणि दोन्ही दिशांनी भाषांतर करून घेतले, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

विसाव्या शतकात प्रश्नच बदलला आणि किती शब्द पुरेत, याची मोजणी सुरू झाली. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये अवघे ८५० शब्द होते, त्यांपैकी ६०० वस्तूंची व कल्पनांची नावे, आणि त्या ६००पैकी २०० चित्राने दाखवता येतील अशी. क्रियापदे मात्र दीड डझनाहून अधिक नव्हती, त्यामुळे लहान क्रियापदाला शब्दयोगी अव्यय जोडून नवनवे अर्थ काढावे लागत, आणि हे जोड इंग्रजी न येणाऱ्याला एखाद्या अवघड क्रियापदाहून कठीण जात. बंगालमध्ये ढाक्याला अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी नेमका शब्द वाचनात किती वेळा येतो हे पाहून निवड करावी असा आग्रह धरला, आणि त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. या दोघांत वेस्ट यांची वाट अधिक टिकाऊ ठरली, कारण ऑग्डेन यांच्या यादीने जगातील वस्तू मोजल्या, तर वेस्ट यांनी वाचकाची गरज मोजली.