साडेअकरा पौंड आणि एक शाळामास्तर

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली, निजामी अमलात, ही गोल पेठ उभी राहिली आणि तेव्हापासून परगावचा माणूस तिथे आला की आपण कोणत्या रस्त्याने आलो हेच विसरतो. मी स्वतः कितीदा तरी विसरलो आहे. नांदेड आणि लातूर यांच्यामधल्या एका खेड्यात मी शाळामास्तर. शाळेच्या वह्या आणि स्वतःसाठी एखादे पुस्तक घ्यायला लातूरला जायचे आणि परतताना एस.टी. स्टँडचा रस्ता कोणता हे एखाद्या पानवाल्याला विचारायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे वडील अडत दुकानावर हमाल. तुरीची आणि सोयाबीनची पोती वाहून वाहून त्यांच्या पाठीला कायमचा बाक आलेला. मुलगा मात्र बी.कॉम. झाला होता आणि दोन-तीन वर्षे नोकरीही केली होती. फराळाच्या ताटलीतली चकली हातात तशीच धरून तो म्हणाला, "गुरुजी, बाहेरदेशी जाऊन व्यापाराचं, मॅनेजमेंटचं शिक्षण घ्यावं म्हणतो. त्याला पैसे कोण देतं हो?"

मी हसलो. म्हणालो, "अरे लेकरा, ती मोठ्या घरच्यांची कामं. तू बँकेची परीक्षा दे."

त्याने चकली खाल्ली, पाया पडला आणि गेला. आज तो कर्जवसुलीच्या नोकरीत आहे. पुढे कधीतरी मला कळले, की त्याच्यासारख्या मुलासाठीच ठेवलेली एक सरकारी शिष्यवृत्ती तेव्हाही होती. अर्ज पुण्याच्या कचेरीत मागवले जात होते, आणि आम्ही दोघे लातूर जिल्ह्यात बसून चकली खात होतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, मला विलायतेच्या वाटा कुठून ठाऊक असणार, अशी मी मनाची समजूत घातली. ती फार दिवस टिकली नाही, आणि त्याला कारण झाले कृष्णाजी अर्जुन केळूसकर या नावाच्या गृहस्थांचे.

केळूसकर गुरुजी मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक. शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. त्याच बागेत एक शाळकरी मुलगाही पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणारा होता. तरी गुरुजींनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके पुरवली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या कौतुकाची सभा भरली, तीत त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. भीमराव आंबेडकर हे त्या मुलाचे नाव, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

सभा सगळेच भरवतात. केळूसकरांचे मोठेपण मला दिसते ते पुढच्या गोष्टीत. मुलाला कॉलेजात घालायला वडील सुभेदार रामजी यांच्यापाशी पैसा उरला नव्हता. केळूसकरांपाशीही तो नव्हता, मास्तराच्या खिशात असून असणार किती! पण पैसा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तिथवर पोहोचायचे कसे हेही ठाऊक होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांनी शब्द पोहोचवला, मुलाला त्यांच्यासमोर उभे केले आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. त्या पैशावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसले. हुशार माणूस हेरावा, त्याला परदेशी पाठवून शिकवावे आणि परत आणून संस्थानच्या कामाला लावावे, हा त्यांचा हिशेब होता. मी हिशेब म्हणतो त्यात उणेपणा नाही. १९१३ च्या ४ एप्रिलला भीमरावांनी बडोदे सरकारशी जो करार केला त्यात हा हिशेब लिहिलेलाच आहे. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. दोनच महिन्यांपूर्वी वडील वारले होते. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ साली ते एम.ए. झाले आणि त्यासाठी लिहिलेला प्रबंध होता प्राचीन भारतातल्या व्यापारावर. लातूरच्या माणसाला हे वाचून थोडा अभिमान वाटला तर क्षमा असावी. कारण प्राचीन व्यापार म्हटला की आमच्या शेजारचे, धाराशिव जिल्ह्यातले तेर आलेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची जी वही लिहून ठेवली, तीत पैठणबरोबर तगर नगराचे नाव आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. ते तगर म्हणजेच हे तेर. एकेकाळी आमच्या मुलखातला माल रोमपर्यंत जात होता. पुढे मुलखातले मूल मुंबईपर्यंत जाणेही मुश्किलीचे झाले.

ते का झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परदेशी शिक्षणाला पैसा देणारा राजा आम्हाला नव्हता असे नाही. निजामाची शिष्यवृत्ती होती. १८९५ साली अवघ्या सोळा वर्षांच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, त्याच शिष्यवृत्तीवर विलायतेस गेल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि मग केंब्रिजच्या गर्टनला शिकल्या. त्यांची योग्यता कोण नाकारील? पण त्यांचे वडील अघोरनाथ हे स्वतः एडिंबरोचे डॉक्टर ऑफ सायन्स आणि हैदराबादेत कॉलेज उभारणारे. शिष्यवृत्तीची बातमी त्यांच्या घरात चहाबरोबर येत असणार. नांदेडच्या मराठी मुलाच्या घरी ती कोणी न्यावी? शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी औरंगाबादेत बाबासाहेबांचे कॉलेज सुरू झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडले, आणि नांदेडला तर १९९४. राजाची तिजोरी होती, पण बातमी घेऊन येणारा केळूसकर आमच्या बाजूला नव्हता, असे मला वाटते.

आता साडेअकरा पौंडांचे पुढे काय झाले ते पाहू. कारण शिष्यवृत्ती मिळाली की सगळे मार्गी लागले, असा आपला समज असतो. न्यूयॉर्कहून भीमराव १९१६ साली लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची सवलत तेवढी विद्यापीठाकडून पदरात पाडून घेतली. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. महाराजांचा हा उमेदवार परदेशी पदव्या घेऊन आलेला, पण त्याला गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी खाणावळीत नाव लपवून काही दिवस काढले, तिथूनही लोक काठ्या घेऊन हुसकायला आले. ते मुंबईला परतले. करारात दहा वर्षांची नोकरी लिहिली होती, राहायची जागा लिहायची राहून गेली होती.

पुढचा भाग व्यापारशिक्षणाच्या चाहत्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉमर्सचे कॉलेज, १९१३ साली, म्हणजे ते स्वतः अमेरिकेला गेले त्याच वर्षी निघालेले. तिथला पगार त्यांनी काटकसरीने साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. असे तीन ठिकाणचे पैसे एकत्र करून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी.एस्सी. झाले. थोडी पदरची बचत, थोडी मदत आणि थोडे कर्ज.

हीच तऱ्हा आजही चालते, हे मला अलीकडे समजले. त्या मुलाची चुटपुट लागल्यावर मी चौकशी करू लागलो. पहिली गोष्ट ही कळली, की व्यापार आणि व्यवस्थापन या विषयाला दाते लोक जरा हात आखडतात. शास्त्राला, कलेला शिष्यवृत्ती देतील. पण व्यापार शिकणारा उद्या कमावणारच आहे, त्याला फुकट का द्यावे, असा विचार त्यामागे असावा. काही नामांकित विश्वस्तनिधी तर हा विषय मुळातच वगळतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी विषयांची यादी वाचावी, नाहीतर महिन्याची मेहनत पाण्यात. जमशेटजी टाटांनी १८९२ साली जो निधी सुरू केला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे, शिकून झाल्यावर फेडायचा. केरळातल्या गरीब घरातले के. आर. नारायणन टाटांच्याच मदतीने १९४५ साली लंडनला शिकायला गेले आणि १९९७ साली राष्ट्रपती झाले. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.बी.ए.साठी मिळू शकते, पण त्यासाठी दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. माझ्या विद्यार्थ्यापाशी तो होता! फ्रेंच सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीत अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन हे विषय चालतात; मात्र तिथे विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा नसतो, त्याचे नाव तिकडच्या संस्थेने पाठवायचे असते.

आणि सरकारी? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. महाराष्ट्राची २००३ पासूनची, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी, तिला नाव दिले आहे राजर्षी शाहू महाराजांचे. पुढे इतर समाजांसाठीही अशा योजना निघाल्या. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने सांगितले त्यावर विसंबू नये, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. विद्यापीठाचे प्रवेशपत्र आधी हातात लागते, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा त्याच्याही आधी. म्हणजे तयारी वर्षभर आधी सुरू व्हायला हवी. तहसीलीतून उत्पन्नाचा दाखला काढायला किती खेपा पडतात हे मराठवाड्यातल्या वाचकांना मी सांगायला नको.

लातूरची ख्याती परीक्षेच्या तयारीसाठी आहे. गल्लोगल्ली शिकवण्या, खोल्यांतून डॉक्टर-इंजिनियर होऊ घातलेली पोरे. त्याचा मला आदर आहे. पण त्या सगळ्या पाट्यांमध्ये बाहेरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे सांगणारी पाटी मला कुठे दिसली नाही.

यंदा शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी आली. आई विड्या वळते, मुलगी नांदेडहून पदवीधर झाली आहे. तिनेही तोच प्रश्न विचारला. मी या वेळी हसलो नाही; वही काढली. तिला इंग्रजीत स्वतःविषयी दोन पाने लिहायची होती आणि माझे इंग्रजी त्या कामाचे नाही. मग मी त्या वसुलीवाल्या मुलाला फोन केला. रविवारी तो मोटारसायकलवरून आला, ओसरीवर बसून चार तास तिच्या कागदांवर काम केले. पहिल्या पानावर तिने आईच्या विड्यांचा उल्लेख टाळला होता. तो म्हणाला, "लपवू नको ग, तेच लिही. किती विड्यांना किती मजुरी, हिशोबासकट लिही."

निघताना त्याने मला विचारले, "गुरुजी, यात वयाची अट किती असते?"

मी वहीत पाहून सांगितले. त्याने बोटांवर मोजले, आणि किक मारण्याआधी माझ्याकडून ते पान फाडून मागून घेतले.