तळटीप : ‘मॅजिस्ट्रेट’

मूळ शब्द ‘जस्टिस ऑफ द पीस’. आपल्याकडच्या पगारी जिल्हाधिकाऱ्याशी वाचकाने याची गल्लत करू नये. इंग्लंडमधले हे मॅजिस्ट्रेट बिनपगारी, बहुधा जमीनदार किंवा पाद्री असत. दर तिमाहीला भरणाऱ्या ‘क्वार्टर सेशन्स’मध्ये ते खटले चालवत, तिथेच पूल, तुरुंग, वेड्यांची इस्पितळे यांचा कारभार पाहत आणि त्यासाठी करही बसवत. कर भरणाऱ्यांना मात्र त्यांना निवडण्याचा हक्क नव्हता; खरा अन्याय तो हाच. १८३४ मध्ये गरिबांच्या मदतीचे काम मुख्यतः निवडून आलेल्या पालक-मंडळांकडे गेले (मॅजिस्ट्रेट तिथे पदसिद्ध सभासद राहिले), १८७७ च्या कायद्याने तुरुंग मध्यवर्ती सरकारकडे. १८८८ च्या कायद्याने उरलेला बहुतेक कारभार लोकनियुक्त कौंटी कौन्सिलांना दिला. पोलिसांवरची देखरेख मॅजिस्ट्रेट आणि कौंटी कौन्सिल या दोघांच्या संयुक्त समितीकडे आली. न्यायदान आणि दारूचे परवाने मॅजिस्ट्रेटांकडेच राहिले.